ड्रॅगन कुठाय? तलवार-जादूच्या कादंबरीवर मत देण्याची प्राथमिक शिकवणी

प्रस्तावना

पुस्तक वाचायला शिकवणी लागत नाही. अक्षरओळख झाली की माणूस भेळेचा कागदसुद्धा वाचतो. मत द्यायला मात्र तालीम हवी. सबंध कादंबरी एका रात्रीत संपवून आलेला माणूस "कसं वाटलं?" या प्रश्नावर "छान आहे" एवढंच म्हणून बिस्किटाकडे वळतो, तेव्हा आमच्यासारख्या जुन्या मतदारांचा जीव तुटतो.

नवशिक्यांनी हात बसवायला एकच पुस्तक धरावं आणि ते दणकट असावं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवा. तिला गावातल्या प्रत्येकाने एकदा तरी भिंतीवर नेलेलं असतं, चारही बाजूंनी पोचे असतात आणि तरीही ती सकाळी सहाला चालू होते. आमच्या शिकवणीची गाडी म्हणजे टेक्ससच्या रॉबर्ट हॉवर्डची 'द अवर ऑफ द ड्रॅगन'. अमेरिकेतल्या 'विअर्ड टेल्स' मासिकात ती डिसेंबर १९३५ ते एप्रिल १९३६ अशी पाच हप्त्यांत आली. कॉनन या रानदांडग्या नायकावर हॉवर्डने बऱ्याच कथा लिहिल्या, पण पूर्ण केलेली कादंबरी ही एवढीच. नव्वद वर्षं लोक तिच्यावर मतं देताहेत आणि ती अजून चालू होते.

पाठ पहिला : किमान सामग्री

मत देण्यासाठी पुस्तक वाचलंच पाहिजे असा नियम नाही, पण कथानक ठाऊक असलेलं बरं. ते असं.

अ‍ॅक्विलोनिया नावाच्या राज्यावर कॉनन राजा आहे. हा मूळचा उत्तरेकडच्या डोंगराळ सिमेरियाचा. चोरी, चाचेगिरी, भाडोत्री शिपाईगिरी असा सगळा अनुभव घेऊन शेवटी सिंहासनावर बसलेला. त्याला उठवण्यासाठी शेजारच्या नेमेडियात चार माणसं कट करतात. दोघांना एकेक सिंहासन हवंय, तिसऱ्याला पडद्यामागून दोन्ही चालवायची आहेत आणि चौथा पूर्वाश्रमीचा पुजारी असल्यामुळे मंत्रतंत्राची बाजू सांभाळतो. चौघांच्या अंगात मिळूनही कॉननशी सरळ लढण्याची धमक नसते. म्हणून 'अहरिमनचं हृदय' नावाचं एक लालजर्द रत्न वापरून ते झाल्टोटन या मांत्रिकाला शवपेटीतून उठवतात. याला मरून तीन हजार वर्षं झालेली.

ज्यांनी कुठल्याही कचेरीत काही वर्षं काढली आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. निवृत्त तज्ज्ञाला सल्लागार म्हणून परत बोलावलं की तो सल्ल्यावर थांबत नाही. त्याला आपली जुनी खुर्ची, जुने शिपाई आणि जुनी कामाची पद्धत हवी असते. झाल्टोटनला तर तीन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं आपलं अख्खं साम्राज्य, अ‍ॅकेरॉन, परत हवंय. बोलावणाऱ्यांना हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

इकडे कॉनन लढाईच्या सकाळी जादूने तंबूतच लुळा पडतो, कैद होतो आणि मेला अशी दवंडी पिटली जाते. झेनोबिया नावाची दासी तुरुंगाच्या किल्ल्या आणून देते, म्हणून तो सुटतो. झाल्टोटनला उठवणारं रत्नच त्याला पाडूही शकतं असं कॉननला समजतं. मग हे रत्न एखाद्या सरकारी फायलीसारखं या हातातून त्या हातात जातं आणि राजा तिच्यामागे देशोदेशीची टेबलं फिरतो. शेवटी फाईल सापडते. सल्लागाराची पुन्हा शवपेटीत रवानगी होते.

एवढ्या सामग्रीवर पुढचे सगळे पाठ बसतात.

पाठ दुसरा : शीर्षकावर आक्षेप

हा सर्वांत सोपा, म्हणून आधी. पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं, "यात ड्रॅगन कुठाय?"

नाहीच. ड्रॅगन आहे तो नेमेडियाच्या झेंड्यावर. अ‍ॅक्विलोनियाच्या झेंड्यावर सिंह. ड्रॅगनची घटका आली म्हणजे नेमेडियाची सरशी झाली, इतकाच अर्थ. तेव्हा हा आक्षेप फार ताणू नये, नाहीतर समोरचा हे स्पष्टीकरण देईल आणि मत त्याचं होऊन बसेल.

तुमचा आक्षेप अगदीच एकाकी नाही, हेही जाता जाता सांगून ठेवावं. १९५० साली हे प्रथम पुस्तकरूपात आलं तेव्हा प्रकाशकाने ड्रॅगनला रजा देऊन 'कॉनन द कॉन्करर' असं नाव ठेवलं. १९७७ च्या एका आवृत्तीत मूळ नाव आणि मासिकातला मूळ मजकूर परत आला. एकाच पुस्तकाची दोन नावं असल्याचा मोठा फायदा म्हणजे दोन्ही विकत घेतलेला वाचक आयुष्यभर मत देत राहतो, आणि ते फार तिखट असतं.

पाठ तिसरा : मुखपृष्ठावरून मत

ज्यांना कथानकही नको असेल, त्यांच्यासाठी हा पाठ. 'विअर्ड टेल्स'च्या त्या काळातल्या मुखपृष्ठांवर मार्गारेट ब्रंडेज ही चित्रकार खडूच्या रंगांत बायका काढत असे. त्या कमी कपड्यांतल्या आणि जास्त संकटातल्या असत. वाचकांच्या पत्रांत त्यावरून वर्षानुवर्षं रणं माजली. पुढे १९६७ च्या स्वस्त आवृत्तीवर फ्रँक फ्रझेटाने काढलेला, माणसांच्या गर्दीत शस्त्र परजणारा कॉनन आला. पुष्कळ लोकांचं कॉननविषयीचं मत हे खरं पाहता फ्रझेटाविषयीचं मत आहे.

आमचंही तेच होतं. कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर अशीच एक पिवळी पडलेली प्रत घेतली आणि गाडीत बसण्याआधी तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. घरी आईला ते अभ्यासाचं पुस्तक वाटलं. आम्हीही तिचा गैरसमज दूर केला नाही. मावसभावाने मात्र कव्हर काढून पाहिलं आणि म्हणाला, "भंगार दिसतंय. झालं की मला दे." हे एका श्वासातलं वाक्य नवशिक्यांनी पाठ करावं. या सबंध साहित्यप्रकारावरची निम्मी टीका त्यात आली.

पाठ चौथा : सिनेमावरून मत

१९८२ साली जॉन मिलियसचा सिनेमा आला आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर कॉनन झाला. तेव्हापासून "तो ना? दंडाचाच सगळा कारभार. बोलतो कुठे?" हे मत कुठल्याही टेबलावर चालतं.

मात्र समोर एखादा वाचलेला माणूस निघाला तर पंचाईत. लहानपणापासून गुलामीत चाक ढकलून दंड कमावलेला कॉनन हा सिनेमातला. हॉवर्डच्या कॉननचं बालपण असं गेलेलं नाही. शिवाय पुस्तकातला कॉनन बोलतो, आणि चांगला बोलतो. देशोदेशी भटकल्याने त्याला अनेक भाषा येतात. राजा झाल्यावर त्याने करांचं ओझं हलकं केलेलं असतं, आणि तो गेल्यावर लोक हळहळतात ते त्यामुळेही. दंडापेक्षा कर महत्त्वाचा, हे हॉवर्डला बरोबर कळलं होतं.

पाठ पाचवा : "हे आधीच येऊन गेलंय"

हे मत देताना आवाज किंचित दमलेला हवा. याचे दोन पोटप्रकार आहेत.

पहिला देशी. कुठल्याही मराठी बैठकीत एक गृहस्थ असतातच, जे म्हणतात, "आमच्या आजोबांनी 'वीरधवल' वाचलं होतं हो. त्यापुढे हे काय?" नाथमाधवांचं नाव निघालं की सगळे माना डोलावतात आणि विषय बदलतो. अट एकच, 'वीरधवल' आजोबांबरोबर आपणही वाचलेली असावी. हे कुणी विचारत नाही, पण विचारलं तर काय?

दुसरा प्रकार जाणकारांचा. "हॉवर्डने स्वतःच्याच जुन्या कथांच्या शिळ्या कढीला ऊत आणलाय," असं म्हणायचं. हे खरं आहे. राजा कॉननला लढाईत पकडून तळघरात टाकणं 'द स्कार्लेट सिटाडेल' या १९३३ च्या कथेत झालेलं आहे. हजारो वर्षांनी उठलेला मांत्रिक 'ब्लॅक कलोसस'मध्ये येऊन गेला आहे. पण यामागचं कारण कळलं की टीकेची धार जाते. लंडनच्या एका प्रकाशकाने हॉवर्डला कळवलं होतं की कथासंग्रह तिकडे खपत नाहीत, कादंबरी असेल तर पाठवा. हॉवर्डने १९३४ च्या वसंतात भराभर कादंबरी लिहिली. इंग्लंडच्या वाचकाला कॉनन ठाऊकच नव्हता, मग घरातली उत्तम भांडी त्याच्यासमोर मांडायला हरकत कोणती? पाहुणा नवा असेल तर आपणही तोच हुकमी चिवडा काढतो. दुर्दैवाने पाहुणा आलाच नाही. प्रकाशकाचं दिवाळं निघालं, हस्तलिखित परत आलं आणि शेवटी घरच्याच मंडळींना, म्हणजे 'विअर्ड टेल्स'च्या वाचकांना, तो चिवडा वाढावा लागला. "हा मागे खाल्ला होता," असं ते म्हणणारच.

पाठ सहावा : नावांवरून मत

हा पाठ खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी. हॉवर्डने आपला 'हायबोरियन' काळ अटलांटिस बुडाल्यानंतरचा आणि ज्ञात इतिहासाच्या आधीचा कल्पिला आणि नावं मात्र जगभरातून उचलली. अहरिमन पारशांचा; झेनोबिया इतिहासातल्या पाल्मिराची राणी. भारताच्या जागी 'वेंध्य' नावाचा देश आहे. आपल्या विंध्याला बढती देऊन त्याने देश केलं असावं. उत्तरेला 'हिमेलियन' पर्वत आहेत. १९३४ च्या एका दीर्घकथेत या वेंध्यची राणी यास्मिना येते आणि तिचा किताब आहे 'देवी'.

इथपर्यंत हसून झालं की या कादंबरीतलं मोठं हत्यार काढावं. कॉननला संकटात आसरा देणारे, शेवटी रत्नाची शक्ती जागवून मांत्रिकाला संपवणारे सज्जन पुजारी कोणाचे भक्त असतात? असुराचे. त्यांची देवळं भूमिगत असतात आणि हे नरबळी देतात, माणसं खातात असल्या अफवा शहरात पसरलेल्या असतात. त्यांचा छळ कॉननने थांबवलेला असतो, त्याची ते परतफेड करतात. आपल्याकडे हे वाचून एक जण म्हणतो, "याला आपल्या पुराणांतलं काही कळत नाही." दुसरा म्हणतो, "यालाच कळलंय." दोघांनाही बोलू द्यावं आणि आपण चहा प्यावा.

पाठ सातवा : रागाचं पत्र

मत देण्याच्या कलेतला मानाचा गडी म्हणजे रॉबर्ट ब्लॉक. 'विअर्ड टेल्स'मध्ये वाचकांच्या पत्रांचं सदर होतं. नोव्हेंबर १९३४ च्या अंकात या सतरा वर्षांच्या मुलाचं पत्र आलं: कॉननचा आता वीट आलाय, प्रत्येक गोष्टीत तीच मारामारी, तीच सुटका आणि तीच नवी सुंदरी, एकदा या गड्याला स्वर्गात पाठवा आणि तिथे कागदाच्या बाहुल्या कापत बसवा, अशा आशयाचं.

नवशिक्यांनी यातून तीन गोष्टी शिकाव्यात. एक, मत ठाम असावं. दोन, त्यात एक तरी चित्र असावं, कारण कागदाच्या बाहुल्या कापणारा कॉनन विसरता येत नाही. तीन, पाठोपाठ स्वतः काही लिहिण्याचा बेत असेल तर जरा सबुरीने घ्यावं. कारण दोनच महिन्यांनी, जानेवारी १९३५ मध्ये, ब्लॉकची पहिली कथा त्याच मासिकात, त्याच वाचकांसमोर आली. कॉननप्रेमींनी हिशेब चुकता करायची संधी सोडली नाही. पोरगा मात्र चिवट निघाला. पंचवीस वर्षांनी त्याने 'सायको' लिहिली आणि हिचकॉकने तिचा सिनेमा काढला.

पाठ आठवा : ज्यात विनोद करू नये

काही मतं खरी असतात आणि ती देताना नाटक चालत नाही. या कादंबरीत कॉनन एका जहाजावरच्या काळ्या गुलामांना मोकळं करतो आणि ते त्याला आपला जुना सरदार अम्रा म्हणून ओळखून जयजयकार करतात. प्रसंग जोरकस आहे, पण काळ्या माणसांचं वर्णन त्या काळच्या टेक्ससच्या नजरेने केलेलं आहे. आजचा वाचक तिथे अडखळतो आणि त्याने अडखळावंच. "त्या काळी असंच होतं" हे स्पष्टीकरण आहे, सफाई नाही.

दुसरं झेनोबियाचं. किल्ल्या आणते, खंजीर देते, राजाला जिवंत बाहेर काढते, म्हणजे सगळी कादंबरी तिच्या जिवावर चालते, आणि सुरुवातीच्या भागानंतर ती दिसतच नाही. शेवटी कॉनन तिला राणी करण्याचं जाहीर करतो, तेही ती समोर नसताना. आमच्या ओळखीच्या एका काकू म्हणाल्या, "तिला विचारलं का कुणी?" हे आमच्या ऐकण्यातलं सर्वांत आखूड आणि सर्वांत पूर्ण परीक्षण.

या पाठात हेही सांगितलं पाहिजे की याच पुस्तकात अकिवाशा आहे. हजारो वर्षांपूर्वी मृत्यू टाळण्यासाठी पिशाच्च झालेली राजकन्या. तिच्या अमर सौंदर्याची गाणी सगळ्या जगात गायली जातात आणि ती मात्र अंधाऱ्या भुयारात रक्तासाठी भटकते. ते पान वाचताना "भंगार" म्हणणाऱ्या मावसभावाने कव्हर परत घालून घेतलं होतं.

पाठ नववा : वयानुसार मत

हा पाठ आम्हाला कुणी शिकवला नाही. तीच पिवळी प्रत पंचेचाळिशीत माळ्यावर सापडली तेव्हा समजला.

अठराव्या वर्षी ही तलवारीची गोष्ट असते. पंचेचाळिसाव्या वर्षी ती नोकरी गेलेल्या माणसाची असते. सगळं मार्गी लागलेलं, एका सकाळी अंग हलत नाही आणि उठून बघतो तर आपल्या जागी दुसरा बसलेला. लोक तर आपल्याला मेलेलंच समजताहेत. मित्र सुचवतो की आता जिंकायचंच आहे तर सगळं जग जिंकू, साम्राज्य उभारू. आणि हा एकेकाळचा चाचा म्हणतो, नको. दुसऱ्यांनी चक्रवर्ती व्हावं, मला माझं तेवढं परत हवंय. कॉलेजात हा परिच्छेद आम्ही वगळून पुढच्या लढाईकडे गेलो होतो. या वेळी लढाई वगळली.

कॉननचं वय पुस्तकात कुठे दिलेलं नाही. मग आम्हाला कसं कळलं, ते स्वाध्यायात.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा. "मला ____ आवडत नाही, पण रात्री ____ वाजेपर्यंत वाचत होतो."

प्र. २. चूक की बरोबर? 'तलवार आणि जादू' हे या साहित्यप्रकाराचं नाव हॉवर्डनेच ठेवलं. (चूक. मायकेल मूरकॉकने नाव सुचवा म्हटल्यावर फ्रिट्झ लायबरने ते १९६१ साली सुचवलं. हॉवर्डला आपण कशाचे जनक आहोत हे कधी कळलं नाही.)

प्र. ३. आदर्श वाचकमत कोणतं ते सांगून त्याचं रसग्रहण करा.

नमुना उत्तर : १९३६ च्या सुरुवातीला पी. स्कायलर मिलर आणि जॉन क्लार्क या दोन वाचकांनी छापून आलेल्या सगळ्या कथा जुळवून कॉननचा आयुष्यक्रम मांडला आणि तो हॉवर्डला पाठवला. यातला क्लार्क रसायनशास्त्रज्ञ; पुढे त्याने रॉकेटच्या इंधनांवर पुस्तक लिहिलं. कथा चांगल्या की वाईट, यावर त्यांचा भर नव्हता. स्थळाची चौकशी करावी तशी त्यांनी चौकशी केली होती: मुलगा मूळचा कुठला, कधी घर सोडलं, कुठे कुठे नोकऱ्या केल्या, आता वय काय.

हॉवर्डने १० मार्चला सविस्तर उत्तर लिहिलं. बहुतेक तपशील तुम्ही बरोबर लावलाय म्हणाला. राज्य मिळालं तेव्हा तो चाळिशीचा असेल, या कादंबरीच्या वेळी चव्वेचाळीस-पंचेचाळीस. वारस नाही, कारण कुणाला रीतसर राणी करायचं त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. पुढे त्याचं काय झालं, हे मात्र मलाही सांगता येणार नाही.

कादंबरीचा शेवटचा हप्ता एप्रिलच्या अंकात आला. ११ जूनला, आई शेवटच्या घटका मोजत असताना, हॉवर्डने क्रॉस प्लेन्स गावच्या आपल्या घराबाहेर मोटारीत बसून स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो तीस वर्षांचा होता. पंचेचाळिशीच्या माणसाला काय हवं असतं, हे त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी लिहून ठेवलं होतं.

विद्यार्थ्यांनी हे उत्तर पाठ करू नये. पुस्तक मिटल्यावर त्यातल्या माणसाचं पुढे काय झालं असेल असं मनात आलं, तर तेवढंच लिहावं. पूर्ण गुण मिळतील.

प्र. ४. ड्रॅगन कुठाय? (हा प्रश्न ऐच्छिक.)